दोन याद्या

रवांडात एप्रिल हा पावसाचा महिना. टेकड्यांच्या या देशात त्या दिवसांत ढग उतारांवर टेकलेले असतात आणि लाल मातीच्या पायवाटा पायाखालून सटकतात. ७ एप्रिलपासून आठवडाभर इथे लग्नं लागत नाहीत, बारमध्ये नाचगाणी होत नाहीत. रेडिओवर शोकाची संथ गाणी लागतात. या आठवड्याला किन्यारवांडा भाषेत 'इचुनामो' म्हणतात. आपल्या सुतकाच्या जवळ जाणारा हा शब्द आहे. फक्त हे सुतक एका घराचं नसून सगळ्या देशाचं असतं. संध्याकाळी माणसं मैदानात, शाळेच्या आवारात, स्मारकापाशी जमतात. मेणबत्त्या लागतात. मग कुणीतरी पुढे येतं, हातातला कागद उलगडतं आणि नावं वाचायला लागतं.

या सगळ्याला म्हणतात 'क्विबुका'. शब्दाचा अर्थ एवढाच : आठवणं. १९९४ च्या एप्रिल ते जुलै या सुमारे शंभर दिवसांत रवांडातल्या तुत्सी समाजाचा संहार झाला. मृतांचा आकडा संयुक्त राष्ट्रांच्या कागदपत्रांत बहुधा आठ लाखांच्या पुढे दिला जातो; रवांडा सरकारच्या गणतीत तो दहा लाखांच्या वर आहे. वंशसंहार जगात आणखीही झाले आणि त्यांची स्मारकंही उभी राहिली. तरी रवांडाकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं, कारण इथे मारणारे आणि वाचलेले पुन्हा शेजारी राहायला आले. सीमारेषा बदलली नाही, बहुतेक कुणी समुद्रापार गेलं नाही. ज्याने कोयता चालवला तो शिक्षा भोगून परतला आणि जिचा नवरा त्या कोयत्याने गेला ती बाई त्याच टेकडीवर, त्याच पाणवठ्यावर त्याच्या समोर उभी राहिली. अशा ठिकाणी आठवण ठेवायची म्हणजे नेमकं काय करायचं, ती कुणी आणि कुणापुढे सांगायची, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

त्यासाठी सुरुवात मैदानात वाचल्या जाणाऱ्या त्या यादीपासून करता येणार नाही. तिच्या आधी आणखी एक यादी होती.

पहिली यादी

हुतू, तुत्सी आणि त्वा हे रवांडातले तीन गट. तिघांची भाषा एक, धर्म एक, वस्तीही मिसळलेली. गुरं राखणारे ते तुत्सी आणि शेती करणारे ते हुतू असा जुना ढोबळ भेद होता, पण तो पुसट होता. गुरं वाढली, नशीब पालटलं तर माणूस एका गटातून दुसऱ्या गटात गेल्याचीही उदाहरणं होती. १९३० च्या दशकात बेल्जियन राज्यकर्त्यांनी प्रत्येकाला ओळखपत्र दिलं आणि त्यावर गट लिहिला. तिथे तो भेद गोठला. बापाच्या कार्डावर जे, तेच मुलाच्या कार्डावर. १९५९ पासून तुत्सींवर हल्ले सुरू झाले आणि लाखो लोक शेजारच्या देशांत पळाले. १९६२ साली देश स्वतंत्र झाला, सत्ता हुतू पुढाऱ्यांच्या हाती आली, पण कार्डावरची ती ओळ कुणी खोडली नाही.

१९९० साली निर्वासितांच्या पुढच्या पिढीने उभारलेल्या रवांडन पॅट्रिऑटिक फ्रंटने युगांडातून चढाई केली. त्यानंतर देशात उरलेला प्रत्येक तुत्सी, मग तो शाळामास्तर असो की तान्हं मूल, शत्रूचा हस्तक ठरवला गेला. 'कांगुरा' नावाचं नियतकालिक हे लिहीत होतं आणि १९९३ मध्ये सुरू झालेलं आरटीएलएम हे खासगी रेडिओ केंद्र हे बोलत होतं. या केंद्रावर झकास गाणी लागत, निवेदक थट्टामस्करी करत, त्यामुळे तरुणांत ते भलतंच लोकप्रिय होतं. त्याच थट्टेच्या सुरात तुत्सींना 'इन्येंझी' म्हटलं जाई. इन्येंझी म्हणजे झुरळं.

६ एप्रिल १९९४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष जुवेनाल हाब्यारिमाना यांचं विमान राजधानी किगालीवर पाडलं गेलं. तासाभरात रस्तोरस्ती अडथळे उभे राहिले. तिथे माणसाकडे एकच गोष्ट मागत : ओळखपत्र. तुत्सी असं लिहिलेलं दिसलं की पुढचं बोलणं संपलं. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान अगात उविलिंगियिमाना मारल्या गेल्या. त्या हुतू होत्या, पण या संहाराच्या आड येणाऱ्या होत्या. सैन्य, 'इंटेराहाम्वे' ही सत्ताधारी पक्षाची तरुण टोळी आणि गावोगावचे कारभारी एका दमात कामाला लागले. तलाठ्याला जसं गावचं घरन्‌घर ठाऊक असतं, तसं या कारभाऱ्यांना कुठल्या घरात कोण राहतं हे ठाऊक होतं. आणि जे निसटले, त्यांची नावं रेडिओवर वाचली जात होती. अमका अमुक ठिकाणी लपला आहे, त्याच्या मोटारीचा नंबर अमुक. ऐकणारे कोयते घेऊन निघत.

नाव मोठ्याने वाचणं म्हणजे तेव्हा मारण्याचा हुकूम होता. रवांडात आज स्मरणाच्या रात्री कुणी कागद उलगडतं, तेव्हा जमलेल्यांतल्या पन्नाशीपुढच्या माणसांच्या कानात तो दुसरा आवाजही असतो.

बाकांवरचे कपडे

किगालीच्या दक्षिणेला बुगेसेरा हा भाग आहे. एके काळी इथे दलदल, जंगल आणि त्सेत्से माशी यांच्याखेरीज फारसं काही नव्हतं. १९५९ नंतर देशाच्या इतर भागांतून हुसकलेल्या तुत्सींना इथे आणून टाकलं होतं. न्यामाता हे त्यातलं एक गाव. पुढे फ्रान्समध्ये राहून लिहिणाऱ्या स्कोलास्तिक मुकासोंगा या लेखिकेचं बालपण इथलंच. १९९४ मध्ये तिच्या आईवडिलांसह कुटुंबातली ३७ माणसं मारली गेली.

१९९२ च्या मार्चमध्येही बुगेसेरात कत्तल झाली होती. तेव्हा लोक न्यामाताच्या चर्चमध्ये शिरले आणि बऱ्याच जणांचा जीव वाचला. अंतोनिया लोकातेल्ली ही इटालियन बाई तिथे वर्षानुवर्षं काम करत होती. तिने परदेशी पत्रकारांना फोन करून कत्तलीची बातमी दिली आणि लगेच तिला गोळी घालण्यात आली. चर्चशेजारीच तिची कबर आहे. दोन वर्षांनी पुन्हा तीच वेळ आली तेव्हा लोक साहजिकच पुन्हा चर्चमध्ये गेले. मागच्या वेळी देवाने राखलं होतं. या वेळी दारं हातबॉम्बने फोडली गेली.

ते चर्च आता स्मारक आहे. आत गेल्यावर पहिल्यांदा दिसतात ते कपडे. प्रार्थनेच्या लांबच लांब बाकांवर ढीगच्या ढीग रचलेले : झगे, शर्ट, बाळाला पाठीशी बांधायची फडकी, शाळेचे गणवेश. सगळ्यांना आता मातीचा एकच रंग आला आहे. वर पत्र्याला भोकं पडली आहेत आणि त्यातून उन्हाचे कवडसे या ढिगांवर पडतात. वेदीवरच्या कापडावर जुने डाग आहेत. काही वस्तू तेवढ्या नीट मांडून ठेवल्या आहेत : जपमाळा, आणि ओळखपत्रं. खालच्या तळघरात आणि मागच्या सामूहिक कबरींत या चर्चमधल्या आणि आसपासच्या गावांतल्या मिळून ४५ हजारांहून अधिक माणसांचे अवशेष आहेत.

कपडे का ठेवले, याला भावनेपलीकडचं एक कारण आहे. हाडांवरून माणूस ओळखू येत नाही. झग्यावरच्या फुलांवरून, स्वेटरच्या विणीवरून, शिवून ठिगळ लावलेल्या खिशावरून ओळखू येतो. खड्डे उघडले गेले तेव्हा वाचलेल्यांनी आपली माणसं शोधली ती अशीच. कापड हाच तिथला मृत्यूचा दाखला.

पण ते कापडही कुजतं. धूळ, ओल, वाळवी यांना वंशसंहाराशी देणंघेणं नसतं. दक्षिणेकडच्या मुराम्बी इथे बांधकाम चालू असलेल्या एका तंत्रशाळेत हजारो माणसांना आसरा देतो म्हणून गोळा करून मारलं. पुढे काढलेल्या प्रेतांपैकी काही चुना लावून वर्गांमध्ये तशीच ठेवली आहेत. हे योग्य की अयोग्य, यावर रवांडातच वाद आहे. आपल्या माणसाला माती मिळावी, लोकांनी बघावं म्हणून त्याला पसरून ठेवू नये, असं कित्येक घरच्यांना वाटतं. दुसरी बाजू सांगते की उद्या कुणी म्हणालं, असं काही झालंच नव्हतं, तर दाखवायला काहीतरी हवं. दोन्ही बाजूंना वाचलेलीच माणसं आहेत. २०२३ साली न्यामाता, मुराम्बी, गिसोझी आणि बिसेसेरो ही चार स्मारकस्थळं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, आणि जपणुकीची जबाबदारी जगाच्या नजरेखाली आली. वाद मिटला असं मात्र नाही.

गवतावरचं न्यायालय

संहारानंतर तुरुंगांत सव्वा लाखाच्या आसपास माणसं कोंबली होती. न्यायाधीश, वकील, पोलीस यांतले बहुतेक मेले होते किंवा पळाले होते. नेहमीच्या कोर्टांनी हे खटले चालवायचे तर शंभराहून अधिक वर्षं लागतील, असा हिशेब निघाला. तेव्हा सरकारने एक जुनी रीत नव्या कामाला जुंपली. बांधावरून, गुराढोरांवरून भांडण झालं की गावातली जाणती माणसं गवतावर बसून निवाडा करत. त्या गवतावरून या रीतीचं नाव पडलं 'गचाचा'. न्यायाधीश म्हणजे गावानेच निवडलेले शेजारी. त्यांना म्हणत 'इन्यांगामुगायो', अप्रामाणिकपणाचा तिटकारा असलेले. वकील नाही, काळा डगला नाही. आठवड्यातून एक दिवस सगळ्या गावाने यायचं.

२००२ मध्ये काही ठिकाणी प्रयोग म्हणून आणि २००५ पासून देशभर ही न्यायालयं बसली. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांचं सगळ्यात महत्त्वाचं काम शिक्षा सुनावण्याआधीचं आहे. प्रत्येक वस्तीला आधी याद्या करायच्या होत्या. ६ एप्रिल १९९४ पूर्वी इथे कोणकोण राहत होतं? त्यातलं कोण मारलं गेलं? कुणाचं काय लुटलं? कुणी मारलं? गावकरी उठून एकेक नाव सांगत आणि कुणीतरी वहीत लिहून घेई. कारभाऱ्यांनी मारण्यासाठी घरं मोजली होती, त्याच गावात अकरा वर्षांनी तीच घरं पुन्हा मोजली गेली. या प्रकरणाच्या नावातली दुसरी यादी ती ही.

कबुली देणाऱ्याची शिक्षा कमी होत असे, पण कबुली पुरी हवी. त्यात प्रेत कुठे टाकलं हेही सांगावं लागे. कित्येक बायकांनी गचाचाला जाण्याचं खरं कारण तेच होतं. गुन्हेगाराला किती वर्षं मिळतात यापेक्षा, मुलगा कुठल्या खड्ड्यात आहे, हे त्यांना हवं होतं. नवरा, भाऊ, लेकरू सापडलं की हाडं धुऊन, पेटीत ठेवून रीतसर पुरता येत.

२०१२ च्या जूनमध्ये गचाचा बंद झाली तेव्हा सुमारे १२ हजार न्यायालयांनी १९ लाख ५८ हजारांच्या घरात खटले निकाली काढले होते. आकडा थक्क करणारा आहे आणि म्हणूनच जपून वाचायला हवा. बचावाला वकील नव्हता, जुन्या भांडणाचा सूड म्हणून खोटे आरोप झाले, साक्ष दिल्याबद्दल वाचलेल्यांचे खूनही पडले. काही टेकड्यांवर मारणाऱ्यांच्या नातेवाइकांनी 'चेचेका' पाळली, म्हणजे गप्प राहायचं, एकमेकांचं नाव घ्यायचं नाही असं आपापसांत ठरवून टाकलं. तिथल्या वह्या अपुऱ्या राहिल्या. पॅट्रिऑटिक फ्रंटच्या सैनिकांनी केलेली हत्याकांडं तर या न्यायालयांच्या कक्षेतच नव्हती. त्याकडे पुढे येऊ.

सांगणं आणि सोसणं

साक्षीला किन्यारवांडात 'उबुहाम्या' म्हणतात. कोर्टातल्या साक्षीला आणि क्विबुकाच्या रात्री वाचलेल्या माणसाने सांगितलेल्या हकिगतीला हाच शब्द. स्मरणाच्या कार्यक्रमात भाषणं असतात, गाणी असतात, पण मैदान गप्प होतं ते उबुहाम्याला. तेव्हाची शाळकरी मुलगी आज प्रौढ बाई होऊन माइकसमोर येते आणि १९९४ मधला आपला एकेक दिवस सांगते : पपायरसच्या दलदलीत गळ्याइतक्या पाण्यात बसून काढलेले दिवस, ओळखीचा आवाज ऐकून आलेला धीर आणि तोच आवाज मारेकऱ्याचा निघाला तो क्षण.

ऐकता ऐकता गर्दीतून एखादी किंकाळी येते. कुणीतरी खाली कोसळतं, धाप लागते, ते येताहेत, ते येताहेत, असं ओरडत राहतं. रेड क्रॉसचे स्वयंसेवक आणि समुपदेशक तयार असतात. त्या माणसाला उचलून बाजूच्या शांत जागेत नेतात, हात धरून बसतात. या अवस्थेला रवांडातल्या लोकांनी शब्द दिला 'इहाहामुका'. धास्तीने फुप्फुसातला श्वास निघून जाणं, असा काहीसा त्याचा अर्थ. डॉक्टरांच्या पुस्तकातला परदेशी शब्द येण्याआधी लोकांनी स्वतःच्या छातीतून काढलेला हा शब्द आहे. दर एप्रिलमध्ये असे झटके वाढतात, हे तिथल्या आरोग्यसेवेला इतकं ठाऊक झालं आहे की क्विबुकाच्या तयारीत मेणबत्त्यांबरोबर स्ट्रेचरही येतात.

तेव्हा 'बोला, मन मोकळं होईल' हा सल्ला इथे इतका सोपा नाही. सांगण्याने कुणाचं ओझं उतरतं, कुणाचं चिघळतं. फरक बहुधा ऐकणारा कोण आहे, याने पडतो. १९९५ च्या जानेवारीत पन्नास विधवा एकत्र आल्या आणि त्यांनी 'अवेगा आगाहोझो' ही संघटना काढली. आगाहोझो म्हणजे अश्रू पुसण्याची जागा. सुरुवातीला त्या नुसत्या एकत्र बसत. जिच्यावर तेच गुदरलं आहे तिच्यापुढे बोलताना काही समजावून सांगावं लागत नाही, रडू आलं तर माफी मागावी लागत नाही. मग हळूहळू घरं, औषधपाणी, कोर्टकचेऱ्या ही कामं आली.

कोर्टाच्या कामातली एक गोष्ट जगाच्या कायद्यात नोंदली गेली आहे. टांझानियातल्या आरुशा शहरात संयुक्त राष्ट्रांचं न्यायाधिकरण बसलं होतं आणि ताबा या गावचा माजी कारभारी जाँ-पॉल आकायेसू याच्यावर खटला चालू होता. आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखच नव्हता. एका साक्षीदार बाईने बोलता बोलता आपल्या सहा वर्षांच्या मुलीवर काय झालं ते सांगितलं. पीठावर नवनीतम पिल्लै होत्या. डरबनच्या तमिळ वस्तीतून आलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या न्यायाधीश आणि त्या न्यायाधिकरणातल्या तेव्हाच्या एकमेव स्त्री. न्यायाधीशांनी पुढे प्रश्न विचारले, आणखी बायका बोलल्या, १९९७ मध्ये आरोपपत्र दुरुस्त झालं. २ सप्टेंबर १९९८ च्या निकालात आकायेसू वंशसंहाराबद्दल दोषी ठरला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने खटला चालवून वंशसंहाराच्या गुन्ह्यात कुणाला दोषी ठरवण्याची ही पहिलीच वेळ, आणि बलात्कार हेही वंशसंहाराचं हत्यार असू शकतं हे मान्य करणारा पहिला निकाल. ताबाच्या ज्या शेतकरी बायकांमुळे हे झालं, त्यांची नावं निकालपत्रात नाहीत. सुरक्षेसाठी त्यांना नुसती अक्षरं दिलेली आहेत. नाव लपवून दिलेल्या साक्षीने कायदा बदलला.

याच न्यायाधिकरणाच्या काळातली दुसरी गोष्ट मात्र लाजिरवाणी आहे. बलात्कारातून एचआयव्ही झालेल्या बायका साक्षीला येत होत्या आणि औषधाविना मरत होत्या. कोठडीतल्या आरोपींना मात्र संयुक्त राष्ट्रांच्या खर्चाने औषधं मिळत होती. साक्षीदार म्हणजे पुरावा, पण ती आधी माणूस आहे, हे न्यायाच्या यंत्रणेला वेळेत सुचलं नाही.

नाव सांगायला कुणी उरलं नाही तेव्हा

१९९६ साली बुतारे इथल्या राष्ट्रीय विद्यापीठात काही अनाथ विद्यार्थ्यांनी मिळून एक संघटना काढली, एईआरजी. त्यांच्यापुढचा प्रश्न अगदी घरगुती होता. सुट्टी लागली की वसतिगृह रिकामं होतं, जायचं कुठे? ताप आला तर कळवायचं कुणाला? त्यांनी आपसांत 'कुटुंबं' केली. वीस-बावीस वर्षांच्या पोरांतूनच एकाला बाप आणि एकीला आई निवडायचं, बाकीची मुलं, भावंडं. कुटुंबाला नाव द्यायचं. फी अडली, पोरगं अभ्यास सोडून भटकू लागलं, एप्रिलमध्ये कुणी खोलीचं दार लावून बसलं, की हे 'आईबाप' धावत. पुढे लग्नं ठरू लागली. रवांडातही सोयरिकीची बोलणी करायला घरची वडीलधारी माणसं लागतात. तिथे हीच माणसं वडीलधारी होऊन बसली. स्मरणाचं काम म्हणजे मेलेल्यांसाठी काही करणं, असं आपण धरून चालतो. या मुलांनी ते जिवंतांपासून सुरू केलं.

शिकून बाहेर पडलेल्या अशाच तरुणांनी पुढे जीएईआरजी ही संघटना काढली आणि एक विलक्षण मोजदाद हाती घेतली. मेलेल्याची आठवण ठेवायला निदान एक नातेवाईक लागतो. ज्या घरात आई, बाप आणि सगळी मुलं, कुणीच उरलं नाही, त्या घराचं नाव क्विबुकाच्या यादीत घालणार कोण? हे तरुण गावोगाव फिरले, शेजाऱ्यांना, जुन्या शिक्षकांना, गचाचाच्या वह्यांना विचारत गेले. अशी पुरती विझलेली १५,५९३ कुटुंबं त्यांना मिळाली. त्यांतली माणसं ६८,८७१. या घरांसाठी आता वेगळा स्मरणदिवस असतो, आणि त्यांची नावं त्यांच्याशी रक्ताचं काहीही नातं नसलेली माणसं वाचतात.

यादीबाहेरची नावं

आता मघाशी बाजूला ठेवलेली गोष्ट. ज्या राज्याने स्मरणाचा एवढा व्याप उभा केला, त्यानेच काय आठवायचं आणि काय नाही याच्या कडाही आखल्या. पॅट्रिऑटिक फ्रंटने संहार थांबवला आणि तोच पुढे सत्तेवर आला, हे खरं. त्या काळात आणि नंतर त्यांच्या सैनिकांनी हजारो हुतू नागरिक मारले, हेही मानवी हक्कांच्या अभ्यासकांनी नोंदवलेलं आहे. पहिला प्रकार एका समाजाला नाहीसं करण्याचा बेत होता, दुसरा तसा नव्हता. दोन्ही एका तागडीत टाकून 'दोन्हीकडून झालं' म्हणणं ही संहार नाकारणाऱ्यांची नेहमीची खेळी आहे. पण म्हणून दुसऱ्या घरातल्या विधवेने रडूही नये का? क्विबुकाच्या मैदानात तिच्या नवऱ्याचं नाव वाचलं जात नाही.

किझितो मिहिगो हा रवांडाचा अतिशय लोकप्रिय भक्तिगीत गायक. तो स्वतः तुत्सी, १९९४ मध्ये त्याचे वडील मारले गेले होते. क्विबुकाच्या कार्यक्रमांत त्याची गाणी हमखास असत. २०१४ मध्ये त्याने मृत्यूच्या अर्थाविषयी एक गाणं केलं आणि त्यात वंशसंहाराचे बळी म्हणून ज्यांची गणना होत नाही, त्या मेलेल्यांसाठीही प्रार्थना केली. गाण्यावर बंदी आली. त्याच एप्रिलमध्ये त्याला राज्याविरुद्ध कट केल्याच्या आरोपाखाली पकडलं, पुढे दहा वर्षांची शिक्षा झाली. २०१८ मध्ये माफी मिळून तो सुटला, २०२० च्या फेब्रुवारीत पुन्हा पकडला गेला आणि पोलीस कोठडीत मेला. आत्महत्या केली, असं पोलिसांनी सांगितलं. मानवी हक्क संघटनांनी स्वतंत्र चौकशीची मागणी केली. स्मरणाची इतकी कसोशी असलेल्या देशात हे झालं. त्या कसोशीचं मोल त्याने शून्य होत नाही, पण हा डाग झाकून पुढे जाता येत नाही.

दुसऱ्या बाजूने यादी थोडी रुंदही झाली आहे. मारणाऱ्यांच्या समाजातल्या ज्यांनी जीव धोक्यात घालून माणसं लपवली, त्यांचा आता मान होतो. झुरा कारुहिम्बी ही खेड्यातली वयस्क विधवा, जडीबुटी देणारी. गावात तिच्याविषयी करणी-भुताटकीच्या वावड्या होत्या. तिने त्या वावड्यांचाच उपयोग केला. खाज सुटणाऱ्या वनस्पतीचा रस अंगाला चोपडायचा, मारेकऱ्यांना हात लावायचा, हातातली कडी खुळखुळवायची आणि आत पाऊल टाकलंत तर देवतेचा कोप होईल म्हणून दरडावायचं. कोयतेवाले हबकून परत जात. आत, दोन खोल्यांच्या घरात, पलंगाखाली आणि मागच्या शेतात शंभरावर माणसं होती. २००६ मध्ये तिला राष्ट्रीय पदक मिळालं. २०१८ मध्ये ती गेली.

न्यांगेची मुलं

आजच्या रवांडात बहुसंख्य लोक १९९४ नंतर जन्मलेले आहेत. ओळखपत्रावरची ती ओळ गेली आहे. त्यांना हे सगळं कशाला सांगायचं, असा प्रश्न तिथेही विचारला जातो. त्याला न्यांगे या गावात एक उत्तर आहे.

१९९४ च्या एप्रिलमध्ये न्यांगेच्या चर्चमध्ये सुमारे दोन हजार तुत्सी आसऱ्याला आले होते. चर्च बुलडोझरने त्यांच्या अंगावर पाडलं गेलं. त्या गुन्ह्यात तिथल्या धर्मगुरूलाही आरुशाच्या न्यायाधिकरणाने शिक्षा दिली. तीन वर्षांनी, १८ मार्च १९९७ च्या संध्याकाळी, त्याच गावच्या माध्यमिक शाळेत बंदूकधारी शिरले. मुलं अभ्यासाला बसली होती. हुतूंनी एका बाजूला व्हा, तुत्सींनी दुसऱ्या बाजूला, असा हुकूम झाला. मुलं हलली नाहीत. पुन्हा सांगितलं. आम्ही सगळे रवांडाचे, एवढंच उत्तर मिळालं. गोळ्या सुटल्या, सहा विद्यार्थी मेले. तीन वर्षांपूर्वी काय झालं, हे त्या वर्गातल्या प्रत्येकाला माहीत होतं. पहिली यादी कशी बनते, हे त्यांनी पाहिलं होतं, म्हणून त्यांनी ती बनवू दिली नाही. या मुलांची गणना आता राष्ट्रवीरांत होते.

किगालीत गिसोझीच्या स्मारकात अडीच लाखांहून अधिक माणसं पुरलेली आहेत. आत एक दालन फक्त मुलांचं आहे : फोटो आणि खाली दोन-चार ओळी, आवडतं खाणं कोणतं, आवडतं खेळणं कोणतं, मरण कसं आलं. बाहेर कबरींशेजारी नावांची भिंत आहे. किती माणसं गेली, हे साधारण कळलं. ती कोण होती, हे तितकं कळलेलं नाही. देशात कुठे ना कुठे अजून घराचा पाया खणताना हाडं लागतात, कुणी मरता मरता एखाद्या खड्ड्याची जागा सांगून जातं, आणि भिंतीवर नावं चढत राहतात. तीस वर्षं उलटली. भिंतीवरची बरीच जागा अजून कोरी आहे.